शितावरून भाताची परीक्षा. पण भांडी किती होती?

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने एक बातमी पाठवली. ऑटिझमचं मूळ आतड्यात सापडलं, अशा अर्थाचं शीर्षक आणि खाली उंदराचा फोटो. त्याच्याखाली एका टेस्टची जाहिरात: शीचा नमुना पाठवा, आतड्यातले जिवाणू मोजून देऊ, त्यावरून आहार ठरवून देऊ. आणि ताईचा मेसेज: "अगं, तू हेच शिकतेस ना? करू का ही टेस्ट?"

ताईचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. पोटाचा त्रास त्याला पहिल्यापासून आहे. आठवड्यातून दोन-तीनदाच शी होते, तीही रडारडीनंतर. जेवणात मोजून पाच गोष्टी चालतात: वरण-भात, तूप-साखर लावलेली पोळी, एकाच कंपनीची बिस्किटं, केळं आणि बटाट्याच्या काचऱ्या. काचऱ्या जाड कापल्या गेल्या तर त्याही नाहीत.

दोन ओळींत उत्तर द्यायला गेले आणि अडकले. "हो, कर" म्हटलं तर ते खोटं. "सगळं थोतांड आहे" म्हटलं तर तेही खोटं; मी स्वतः आतड्यातल्या जिवाणूंवरच पीएचडी करते. म्हणून त्या बातमीच्या मुळाशी असलेला पेपर पुन्हा एकदा नीट वाचला आणि त्यावर झालेली टीकाही वाचली. ही पोस्ट म्हणजे ताईला द्यायचं लांबलेलं उत्तर आहे.

आधी, जे बऱ्यापैकी पक्कं आहे ते

आतडं आणि मेंदू एकमेकांशी बोलतात, यात नवल काही नाही. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो तेव्हा ते आपल्याला कळतंच. प्रश्न असा की या बोलण्यात आतड्यातल्या जिवाणूंचाही आवाज असतो का?

उंदरांमध्ये असतो, असं म्हणायला चांगला आधार आहे. २००४ साली जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या सुदो आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले जातात. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नसतो. अशा उंदरांना थोडा वेळ जखडून ठेवलं, तर त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा जास्त वाढली. बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा एकच जिवाणू आधी दिला, तर ही वाढ आटोक्यात आली. साध्या उंदरांची विष्ठा देऊनही काही प्रमाणात फरक पडला, पण ती लहान वयात दिली तरच. मोठेपणी देऊन उपयोग झाला नाही.

२०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने लॅक्टोबॅसिलसचा एक प्रकार, जेबी-१, उंदरांना दिला. उंदरांची भीती कमी झाल्यासारखी दिसली आणि मेंदूच्या काही भागांत गाबा या रसायनाच्या ग्राहकांमध्ये बदल दिसले. मग त्यांनी मेंदू आणि आतडं यांना जोडणारी व्हेगस ही नस कापलेल्या उंदरांवर तोच प्रयोग केला. परिणाम गायब! म्हणजे निरोप कुठल्या वाटेने जातो, याचाही अंदाज आला. हा प्रयोग मला अजूनही आवडतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच कॉर्कच्या गटाने जेबी-१ माणसांना देऊन पाहिला आणि २०१७ मध्ये निकाल छापला. २९ निरोगी पुरुष. प्रत्येकाने काही आठवडे खरा जिवाणू घेतला आणि काही आठवडे प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण आत काही नसलेलं औषध. ताण, मनःस्थिती, स्मरणशक्ती, कशातही प्लासिबोपेक्षा फरक नाही. आपल्याच गाजलेल्या निकालाची अशी परीक्षा घेऊन "माणसात चाललं नाही" असं छापायला धैर्य लागतं. पण २०११ चा पेपर बातम्यांत जितका फिरला, त्याच्या पासंगालाही हा २०१७ चा पुरला नाही.

जाता जाता एक. "शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, म्हणून आनंद पोटात असतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पहिला भाग साधारण बरोबर आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. आतड्यातलं सेरोटोनिन मुख्यतः आतड्याच्या हालचालीसाठी लागतं. त्यामुळे त्या वाक्यातला "म्हणून" चुकीचा आहे. या विषयातल्या बहुतेक चुका अशा "म्हणून"पाशीच होतात.

तो पेपर

मे २०१९ मध्ये 'सेल' या नामांकित नियतकालिकात गिल शॅरन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. काम अमेरिकेतल्या कॅल्टेकमधल्या सार्किस माझमॅनियन यांच्या प्रयोगशाळेतलं. आराखडा थोडक्यात असा: ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींच्या विष्ठेचे नमुने घेतले. ते निर्जंतुक उंदरांच्या पोटात नळीने सोडले. मग त्या उंदरांची वीण करून त्यांच्या पिल्लांच्या वागणुकीची चाचणी घेतली. पिल्लांना जन्मापासूनच ते जिवाणू मिळावेत, ही त्यामागची कल्पना. सुदोंनी दाखवलेली लहान वयाची खिडकी आठवा. विचार पक्का होता.

निकाल असा मांडला गेला: ऑटिझम असलेल्या दात्यांचे जिवाणू मिळालेली पिल्लं इतर उंदरांशी कमी मिसळली, त्यांचं चिवचिवणं कमी झालं आणि भुशात गोट्या पुरण्याचं काम त्यांनी जास्त केलं. त्यांच्यात टॉरिन आणि ५-अमिनोव्हॅलेरिक आम्ल ही दोन रसायनं कमी होती. मग तीच रसायनं बीटीबीआर नावाच्या वेगळ्या जातीच्या उंदरांना दिली. या जातीचे उंदीर जन्मतःच कमी मिसळणारे असतात. रसायनं मिळाल्यावर त्यांची वागणूक सुधारल्याचं दिसलं.

वाचताना भारी वाटतं. माणसाकडून उंदराकडे, उंदराकडून रसायनाकडे, रसायनाकडून उपायाकडे; साखळी पूर्ण. मी एमएस्सीला असताना हा पेपर आमच्या जर्नल क्लबमध्ये झाला, तेव्हा मीसुद्धा मान डोलावली होती. आज तो वाचताना तीन ठिकाणी थांबले.

पहिलं: भांडी किती?

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबून पाहिलं की अख्खा भात शिजला की नाही ते कळतं. का? कारण भांडं एक आहे, पाणी एक आहे, आच एक आहे. एक शीत बाकीच्या शितांसारखंच असणार.

आता समजा मला सिद्ध करायचंय की आंबेमोहोर इंद्रायणीपेक्षा चिकट होतो. मी पाच घरांतून आंबेमोहोर आणला आणि तीन घरांतून इंद्रायणी. प्रत्येक भांड्यातली पन्नास-पन्नास शितं तपासली. माझ्याकडे चारशे शितं झाली. पण पुरावा चारशेचा आहे का? नाही, आठचा आहे. एखाद्या घरी पाणी जास्त पडलं असेल, तर त्या भांड्यातली पन्नासच्या पन्नास शितं चिकट निघणार. त्यांची साक्ष वेगवेगळी नाही, एकच आहे. तांदळाच्या जातीविषयी बोलायचं तर भांडी मोजायला हवीत.

या पेपरमध्ये पिल्लं म्हणजे शितं आणि दाते म्हणजे भांडी. वागणुकीच्या चाचण्यांसाठी दाते किती होते? आठ. पाच ऑटिझम असलेले, तीन नसलेले. प्रत्येकाच्या जिवाणूंवर पुष्कळ पिल्लं वाढवली, त्यामुळे आलेखात ठिपके भरपूर दिसतात. पण प्रश्न "ऑटिझम असलेल्यांचे जिवाणू वेगळं काही करतात का" असा असेल, तर त्याचं उत्तर आठ जणांवरून द्यायचंय.

आठ जणांवरून किती खात्रीने बोलता येतं, ते घरी करून बघा. समजा जिवाणूंचा परिणाम शून्य आहे. तरी आठ दात्यांचे आठ आकडे येणार आणि ते चढत्या क्रमाने लावता येणार. आठांतून तीन जागा निवडण्याचे ५६ मार्ग आहेत. त्यातल्या एका मार्गात ते तिघे रांगेच्या एका टोकाला येतात आणि दुसऱ्या एका मार्गात दुसऱ्या टोकाला. म्हणजे जिवाणूंनी काहीही केलं नाही तरी ५६ पैकी २ वेळा, साधारण ३.६ टक्के, दोन गट निव्वळ योगायोगाने अगदी स्वच्छ वेगळे दिसतील. सगळं मनासारखं जुळून आलं तरी नुसत्या क्रमावरून याहून जास्त खात्री आठ दात्यांकडून मिळत नाही. त्यात चाचणी एक नाही, अनेक. दर चाचणीला योगायोगाला आणखी एक संधी.

ही शंका काही माझी नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ थॉमस लम्ली यांनी पेपर आल्यानंतर लगेचच त्यातला खुला डेटा घेऊन पुन्हा गणित केलं. दात्या-दात्यांमधला फरक हिशेबात धरल्यावर पुरावा पेपरमध्ये दिसतो त्यापेक्षा खूपच लंगडा ठरला. इथे लेखकांना एक श्रेय द्यायला हवं. त्यांनी डेटा खुला ठेवला, म्हणूनच चूक दाखवता आली. कपाटात कुलूपबंद असलेल्या पेपरमध्ये चुका नसतात असं नाही, त्या फक्त सापडत नाहीत.

आणि हे लिहिताना मी काही उंचावरून बोलत नाहीये. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः २४ उंदरांचा आलेख घेऊन मीटिंगला उभी राहिले होते. पी-व्हॅल्यू इतकी सुरेख की मी ती लाल रंगात लिहिली होती. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "पिंजरे किती?" चार. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जिवाणू थोड्याच दिवसांत सारखे होतात. माझ्याकडे २४ शितं होती आणि भांडी चार. चार महिन्यांचं काम होतं. त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. पण तेव्हापासून कुठलाही पेपर उघडला की आधी भांडी मोजते.

दुसरं: उंदीर गोट्या पुरतो, म्हणजे काय करतो?

गोट्या पुरण्याची चाचणी अशी असते: पिंजऱ्यात जाड भुसा पसरतात, वर काचेच्या गोट्या ओळीत ठेवतात, उंदीर सोडतात आणि ठरावीक वेळाने किती गोट्या झाकल्या गेल्या ते मोजतात. जास्त गोट्या म्हणजे "पुनरावृत्तीची वागणूक", आणि ती ऑटिझमशी मिळतीजुळती, असं धरलं जातं.

पण उकरणं हा उंदराचा स्वभावच आहे. भुसा उकरताना गोटी झाकली गेली, तर त्याने गोटी पुरली की नुसता भुसा उकरला? हीच चाचणी दुसऱ्या प्रयोगशाळांमध्ये चिंता मोजायला वापरतात. एकच वागणूक सोयीप्रमाणे कधी चिंता, कधी ऑटिझम.

ताईचा मुलगा बटाट्याच्या काचऱ्या एका ओळीत लावून मगच खातो. त्याला विजेच्या मीटरचे आकडे पाठ आहेत, सगळ्या मजल्यांचे. तो "मी" म्हणण्याऐवजी कित्येकदा स्वतःचं नाव घेतो. माणसातलं ऑटिझमचं निदान भाषा, संवाद, संवेदना, आवडीनिवडी यांवरून होतं. उंदराच्या वागण्यातून मेंदूच्या काही यंत्रणा नक्की शिकता येतात, माझं तर पोटच त्यावर आहे. पण उंदराला ऑटिझम झाला असं म्हणता येत नाही. "सामाजिक संपर्क कमी झाला" हे निरीक्षण झालं. "ऑटिझमसारखी लक्षणं" हा त्याचा अर्थ लावणं झालं. बातमीपर्यंत पोचेतो "सारखी" गळून पडतं.

रसायनांच्या भागाचंही तसंच. बीटीबीआर उंदरांची वागणूक टॉरिनने बदलली असेल; त्या प्रयोगाला दात्यांचा प्रश्न थेट लागू होत नाही आणि तो स्वतंत्रपणे पुन्हा करून पाहावा असा आहे. पण हे उंदीर त्यांच्या जनुकांमुळे तसे वागतात. तिथे काही बदललं, यावरून माणसात कारण जिवाणूंचंच होतं हे सिद्ध होत नाही. तापात पॅरासिटामॉलने बरं वाटतं, याचा अर्थ ताप पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे आला असा होत नाही.

तिसरं: बाण कुठल्या दिशेने?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे, आणि तो ताईच्या स्वयंपाकघरातच आहे.

ऑटिस्टिक आणि इतर मुलांच्या आतड्यातल्या जिवाणूंत फरक असतो, असं सांगणारे अनेक पेपर आहेत. गंमत म्हणजे नेमका कुठला जिवाणू कमी आणि कुठला जास्त, यावर त्यांचं एकमत नाही. तरी समजा फरक आहे. तो कशामुळे? जिवाणूंमुळे वागणूक बदलली, की वागणुकीमुळे जिवाणू बदलले?

२०२१ मध्ये 'सेल'मध्येच ऑस्ट्रेलियातल्या क्लोई यॅप आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. २४७ मुलं. त्यात ९९ ऑटिस्टिक, ५१ त्यांचीच ऑटिझम नसलेली भावंडं आणि ९७ इतर. नुसती शी तपासून ते थांबले नाहीत. मुलं काय खातात, हेही त्यांनी नीट नोंदवलं. निष्कर्ष: ऑटिझमचं निदान आणि जिवाणू यांचा थेट संबंध जवळजवळ नगण्य. आहाराशी मात्र जिवाणूंचा संबंध स्पष्ट. ज्या मुलांच्या आवडी ठरावीक आणि संवेदना तीव्र, त्यांचा आहार कमी प्रकारांचा. आहारात प्रकार कमी, म्हणून जिवाणूंत प्रकार कमी. बाण उलटा!

एका पाहणीने सगळं सिद्ध होत नाही, हे या पेपरलाही लागू आहे. एकाच वेळी घेतलेल्या नोंदींवरून कारण ठरवायला मर्यादा असतातच. पण हे स्पष्टीकरण साधं आहे आणि ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना ते चटकन पटेल. सात वर्षं पाच पदार्थांवर जगणाऱ्या मुलाच्या आतड्यातले जिवाणू चारचौघांपेक्षा वेगळे निघाले नाहीत, तरच आश्चर्य. त्या जाहिरातीतली टेस्ट ताईला नेमकं हेच सांगणार: "तुमच्या मुलाच्या आतड्यात विविधता कमी आहे." म्हणजे तो पाचच गोष्टी खातो, हे तिला पैसे देऊन कळणार.

हे फक्त एका पेपरपुरतं नाही

२०२० मध्ये जेन्स वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी, पुन्हा 'सेल'मध्येच, एक आढावा घेतला. माणसाच्या आतड्यातले जिवाणू उंदरांना देऊन रोग "उतरतो" का, हे पाहणारे ३८ अभ्यास त्यांनी तपासले. लठ्ठपणापासून मनोविकारांपर्यंत सगळे. त्यांपैकी ३६ अभ्यासांमध्ये रोगाचं काही ना काही लक्षण उंदरात उतरल्याचं लिहिलं होतं. ९५ टक्के! ज्या वर्गात प्रत्येक पेपरला ९५ टक्के मुलं पास होतात, तिथे मुलं हुशार आहेत की पेपर सोपा आहे, हे विचारायला हवं. वॉल्टर यांचं म्हणणं असं की इतकं यश पटण्यासारखं नाही. माणसाचे सगळे जिवाणू उंदराच्या पोटात टिकतही नाहीत. आणि दात्यांऐवजी उंदीर मोजण्याची चूक सर्रास होते.

२०२५ मध्ये केविन मिचेल, डॅरेन डॅली आणि डोरथी बिशप यांनी 'न्यूरॉन'मध्ये खास ऑटिझम आणि मायक्रोबायोम यांवरच्या संशोधनाची झाडाझडती घेतली. लहान गट, सदोष गणित, एकमेकांशी न जुळणारे निकाल, असं त्यांचं निदान. जिवाणूंमुळे ऑटिझम होतो या दाव्याला पटेल असा आधार नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. मला त्यांचा सूर थोडा टोकाचा वाटतो. या विषयात पुढे शोधण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. पण आजवरच्या पुराव्याबद्दल त्यांनी जे म्हटलंय ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

मग इतकं मनावर का घ्यायचं?

कारण हे आधीही एकदा घडून गेलंय. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन ऑटिस्टिक मुलांविषयी लिहिलं. पोटाच्या तपासणीसाठी त्यांना सिक्रेटिन हे आतड्याचं संप्रेरक टोचलं होतं, आणि नंतर त्यांची वागणूक सुधारली. तीन मुलं, तुलनेला कोणी नाही. बातमी पसरली आणि हजारो आईबाप सिक्रेटिनच्या शोधात निघाले. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नीट केलेला प्रयोग आला: ६० मुलं, काहींना सिक्रेटिन, काहींना मिठाचं पाणी. मुलं दोन्ही गटांत सुधारल्याचं दिसलं. सिक्रेटिनचा वेगळा असा फायदा काही नाही.

पण त्या पेपरमधलं मला विसरता न आलेलं वाक्य वेगळंच आहे. निकाल सांगितल्यानंतरही त्याच मुलांच्या ६९ टक्के पालकांनी आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे असं सांगितलं. त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्यांना दुसरं काही देऊ केलेलं नाही, ते हातातली काडी सोडत नाहीत. म्हणूनच ती काडी कोणाच्या हातात द्यायची, याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर जास्त येते.

आजची काडी आहे शीचं प्रत्यारोपण. २०१७ मध्ये ॲरिझोनातल्या गटाने १८ ऑटिस्टिक मुलांवर ते करून पाहिलं. पोटाच्या तक्रारी आणि वागणूक दोन्हींत सुधारणा झाल्याचं लिहिलं. पण प्लासिबोचा गट नव्हता. काय दिलं जातंय हे सगळ्यांना माहीत होतं. सिक्रेटिनच्या प्रयोगात मिठाच्या पाण्यानेही मुलं "सुधारली" होती, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायला हवा. आणि हा उपाय निर्धोकही नाही. शॅरन यांचा पेपर आला त्यानंतर दोनच आठवड्यांनी, जून २०१९ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला. दात्याच्या विष्ठेतून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय दोन रुग्णांच्या शरीरात गेला होता आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या वारंवार होणाऱ्या संसर्गावर हा उपाय खरोखर चालतो. तिथे तो धोका पत्करण्याला अर्थ आहे. ऑटिझमसाठी, आजच्या पुराव्यावर, नाही.

चांगला प्रयोग कसा असेल? दाते आठ नाहीत, निदान काही डझन. त्यांचा आहार आधी नोंदवलेला. वागणूक मोजणाऱ्याला कुठला उंदीर कोणाचा हे माहीत नाही. कुठल्या चाचण्या मोजणार ते आधीच जाहीर केलेलं. आणि निकाल "काही नाही" आला तरी छापायची तयारी. यातलं काहीही अशक्य नाही. खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, आणि त्यातून मथळा निघेलच याची खात्री नाही, एवढंच.

ताईला

तर ताई, टेस्ट करू नकोस. आतड्यातले जिवाणू पाहून ऑटिझमवर उपचार ठरवता येईल अशी कुठलीही टेस्ट आज नाही. त्या पैशांत त्याच्या स्पीच थेरपीचे दीड महिन्याचे सेशन होतात, हे तूच मला सांगितलंस.

दूध आणि गहू बंद करायचा विचार करत होतीस. त्याच्या पाच पदार्थांतून ते काढले तर पोळी गेली, बिस्किटं गेली, भातावरचं तूप गेलं. उरतं काय? डॉक्टरांनी ॲलर्जी किंवा सिलिॲकचं निदान केलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर काढण्यापेक्षा सहावा पदार्थ कसा शिरेल ते बघ.

आणि त्याची बद्धकोष्ठता. ती खरी आहे, ऑटिस्टिक मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी जास्त दिसतात, आणि "ऑटिझममुळेच असेल" म्हणून ती अंगावर काढायची नसते. बालरोगतज्ज्ञांना बद्धकोष्ठता म्हणूनच दाखव. पोट दुखत असताना ज्याला "दुखतंय" असं सांगता येत नाही, तो झोपणार नाही, चिडणार, डोकं आपटणार. आतडं आणि मेंदूचा हा संबंध समजायला निर्जंतुक उंदीर लागत नाहीत, आणि त्यावर औषध आहे.

हे सगळं तिला फोनवर सांगून झालं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं, आणि दही? दह्यात जिवाणू असतात ना?"

"खात असेल तर दे. दही म्हणून."